जुन्या कोनाचे ९० सेल तपासायला व्हीगेटचा डाँगल आणि कार स्कॅनर: काय दिसते, काय दिसत नाही

व्हीगेट आयकार प्रो हा गाडीच्या तपासणी पोर्टमध्ये (ओबीडी) लावायचा ब्लूटूथ डाँगल आणि कार स्कॅनर हे फोनवरचे ॲप, असा हा संच. डाँगल तीन-चार हजारांच्या घरात मिळतो. ॲप फुकट उतरवता येते, सगळ्या सोयी हव्या असतील तर थोडे पैसे भरावे लागतात. ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकच्या बॅटरीतल्या सेलांचे व्होल्टेज बघण्यासाठी हा संच घ्यावा का, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र आकडे कधी आणि कुठे घ्यायचे हे ठाऊक नसेल तर याच संचाने चांगली बॅटरी आजारी वाटेल आणि आजारी बॅटरी ठणठणीत.

गोव्यात हा प्रश्न जरा वेगळा आहे. पणजी ते मडगाव ३५ किलोमीटरच्या आत. पेडण्याहून काणकोणला जाऊन आलात तरी ४५२ किलोमीटरच्या प्रमाणित पल्ल्याची गाडी रिकामी होत नाही. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांची बॅटरी वर्षभर ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच फिरत राहते, आणि सेलांतला फरक नेमका याच पट्ट्यात सर्वांत कमी दिसतो. मग कधीतरी बेळगाव किंवा पुण्याची वाट धरली की १५ टक्के बाकी असताना गाडीची ताकद अचानक कमी होते. बॅटरी एका रात्रीत बिघडलेली नसते. एखादा सेल दोन-तीन वर्षांपासून मागे पडलेला असतो, चार्ज तिथपर्यंत उतरवून कोणी पाहिलेले नसते इतकेच.

आधी बॅटरीची रचना. कोनाचा भारतातला पॅक ३९.२ किलोवॅट-तासांचा, नाममात्र ३२७ व्होल्टचा. त्यात दोन-दोन सेल समांतर जोडून केलेल्या ९० जोड्या एका रांगेत आहेत. ॲपमध्ये ‘सेल ३७’ असे दिसते ती खरे तर ३७ वी जोडी. जोडीतला एक सेल खराब झाला तर दुसरा त्याला सावरून धरतो, त्यामुळे व्होल्टेज उशिरा बोलते. ३९.२ ला ३२७ ने भागले की सुमारे १२० अँपिअर-तास येतात, ही प्रत्येक जोडीची क्षमता. पुढची सगळी गणिते याच आकड्यावर आहेत.

आता डाँगलबद्दल. बाजारात चार-पाचशे रुपयांना ‘ईएलएम ३२७’ नावाचे नकली डाँगल मिळतात, ते या कामाला घेऊ नका. पेट्रोल गाडीचा एखादा एरर कोड वाचायचा असेल तर उत्तर काही बाइट्सचे असते आणि तिथे ते चालूनही जातात. कोनाचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी संगणक यंत्रणा) मात्र एका विनंतीला ३२ सेलांची माहिती देतो, आणि ती अनेक तुकड्यांत येते. नकली चिपची साठवण अपुरी पडते, काही आज्ञा तिला कळतच नाहीत, आणि मधले तुकडे गळतात. लक्षण ओळखायला सोपे आहे: पहिले काही सेल नीट दिसतात, पुढचे शून्य, कोरे किंवा मघाचेच आकडे. असा शून्य पाहून सेल मेला म्हणून घाबरायचे कारण नाही. मरण पावलेला असतो तो डाँगल.

९० सेलांसाठी अशा तीन विनंत्या लागतात, आणि व्हीगेटवर तिन्हींची उत्तरे पूर्ण येतात. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ ४.० म्हणजे बीएलई असलेलेच मॉडेल बघून घ्यावे, जुन्या ब्लूटूथचे डाँगल सहसा आयफोनशी जुळत नाहीत. वायफायचे डाँगल टाळा. एक तर फोनचे इंटरनेट तुटते, दुसरे म्हणजे बहुतेकांच्या वायफायला पासवर्डही नसतो. ओबीडीलिंक एमएक्स प्लस हा याहून वेगवान आणि भरवशाचा आहे, पण किंमत कितीतरी जास्त. रोज गाड्या तपासणाऱ्या गॅरेजला तो परवडेल. एका गाडीच्या मालकाला महिन्यातून दोनदा वापरण्यासाठी व्हीगेट पुरतो.

लावल्यावर पहिले काम पडताळणीचे. ॲपमध्ये कोनाचे प्रोफाइल निवडा, ९० सेलांची सरासरी काढा, तिला ९० ने गुणा आणि उत्तर पॅकच्या व्होल्टेजशी ताडून पाहा. सरासरी ३.८६ असेल तर पॅक ३४७ व्होल्टच्या आसपास हवा. चार-पाच व्होल्टची तफावत दिसली तर प्रोफाइल चुकले आहे किंवा माहिती गळते आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. उत्तरांत जागा ९६ सेलांची असते, म्हणून ९० नंतरच्या जागा रिकाम्या दिसल्या तर ते बरोबरच आहे.

एक मर्यादा नीट समजून घ्या, कारण ती विकणारे सांगत नाहीत आणि ॲपही सांगत नाही. कोनाचा बीएमएस सेलचे व्होल्टेज ०.०२ व्होल्टच्या पायरीने कळवतो. ३.८६ नंतर थेट ३.८८, मधले काही नाही. म्हणजे २० मिलिव्होल्टचा फरक ही फक्त एक पायरी आहे. प्रत्यक्षात एका मिलिव्होल्टचा फरक असलेले दोन सेल पायरीच्या दोन बाजूंना पडले तरी पडद्यावर २० दिसतात. त्यामुळे आज २० आणि उद्या शून्य दिसले तर त्याला काही अर्थ देऊ नका. ४० मिलिव्होल्ट दिसले, तेही पुन्हा पुन्हा आणि त्याच सेलवर, तर लक्ष घालायचे. यात डाँगलचा दोष नाही. महागडा डाँगल घेतला तरी पायरी तीच राहते.

दुसरी मर्यादा वेळेची. ९० सेल तीन विनंत्यांत येतात, म्हणजे पहिला सेल आणि नव्वदावा सेल एकाच क्षणाचे नसतात. गाडी उभी असेल तर बिघडत नाही. चालत्या गाडीत मात्र दोन विनंत्यांच्या मध्ये ॲक्सिलरेटर दाबला गेला की शेवटचे सेल ६०-८० मिलिव्होल्टने खाली दिसतात आणि ॲपमधला स्तंभालेख भीतीदायक होतो. यावर उपाय आहे. बीएमएस एका वेगळ्या विनंतीत पॅकचा करंट, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलचे व्होल्टेज आणि त्या सेलांचे क्रमांक एकत्र देतो. चालत्या गाडीत फक्त हे पाच-सहा आकडे एका पानावर मांडा आणि नोंद सुरू करा. स्तंभालेख उभ्या गाडीसाठी राखून ठेवा. कार स्कॅनरमध्ये असे पान स्वतः रचता येते आणि नोंद फाइलमध्ये साठवता येते. या ॲपची माझ्या मते सर्वांत मोलाची सोय हीच.

आता मोजणी. पहिले वाचन सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चार्ज ५० ते ६० टक्के असताना. गाडी चालू स्थितीत, एसी बंद, करंट एक-दोन अँपिअरच्या आत. या वेळी दिसणारा फरक सेलांच्या चार्जमधला खरा फरक असतो. कोनाच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनात या मधल्या पट्ट्यात २० मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने दोन ते पाच टक्के चार्ज.

दुसरे वाचन पूर्ण चार्जला. घरच्या एसी चार्जरवर १०० टक्के होऊ द्या, चार्जर आपोआप थांबला की तासभर तसेच राहू द्या, मग वाचा. ७.२ किलोवॅटवर पॅकमधून फक्त २० अँपिअरच्या आसपास करंट जातो, म्हणून अंतर्गत रेझिस्टन्सचा गोंधळ यात कमी असतो. डीसी चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या गाडीचे वाचन या कामाला घेऊ नका.

तिसरे खालच्या टोकाला, १० ते १५ टक्क्यांवर. यासाठी मुद्दाम फेरी काढावी लागते, घराजवळच्या चार्जरभोवतीच फिरा. इथे व्होल्टेजचा उतार तीव्र होतो, म्हणून निरोगी बॅटरीतही फरक थोडा वाढतो. ४० दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. बाकीचे सगळे एकत्र आणि एकच सेल १०० मिलिव्होल्ट खाली, असे दिसले तर मात्र तो सेल गाडीची सीमा ठरवतो आहे हे नक्की.

चौथे भाराखाली, आणि याला गोव्यात चोर्ला घाटासारखी जागा नाही. साखळीहून केरीपर्यंत गाडी आणि बॅटरी नेहमीच्या तापमानाला येते, पुढे सलग चढ लागतो. ४० किलोवॅटच्या आसपास ताकद धरून चढलात तर पॅकमधून १२० अँपिअर जातात, म्हणजे एका तासात पॅक रिकामा होईल इतका करंट. घाटाचा खरा फायदा उतरताना आहे. तीच वाट, तीच बॅटरी, जवळपास तेच तापमान, पण करंट उलट दिशेने. फोन शेजारी बसणाऱ्याने सांभाळायचा, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचेही नाही. मडगाव-सांगे बाजूच्या लोकांना मोलेहून अनमोड घाट चालेल.

आता ही चार वाचने एकमेकांशेजारी ठेवा, निदान त्यातून निघते.

एखादा सेल सगळीकडे सारखाच खाली असेल, पूर्ण चार्जलाही खाली, रिकामा होतानाही खाली, चढताना आणि उतरतानाही, तर त्याची क्षमता ठीक आहे. तो फक्त चार्जमध्ये मागे आहे. हा सर्वांत सौम्य प्रकार, आणि बॅलन्सिंगने, म्हणजे बीएमएसने सगळ्या सेलांचा चार्ज एकसारखा केल्याने, बरा होणारा. पण किती वेळात ते मोजा. सेल दोन टक्के मागे असेल तर १२० चे दोन टक्के म्हणजे २.४ अँपिअर-तास. पॅसिव्ह बॅलन्सिंग मागच्या सेलला काही देत नाही, पुढच्या सेलांमधले जास्तीचे रेझिस्टरमध्ये जाळते. गाड्यांत हा करंट साधारण ५० ते १५० मिलिअँपिअर असतो. १०० धरला तर २४ तास, तेही बीएमएस बॅलन्सिंग करत असेल तेवढेच तास मोजायचे. एका रात्रीच्या चार्जिंगने फरक गेला नाही म्हणून निराश होऊ नका. महिनाभर आठवड्यातून एकदा एसीवर १०० टक्के करून दोन-तीन तास तशीच ठेवा, मग चालवा, आणि पुन्हा मोजा. १०० टक्क्यांवर चार-चार दिवस उभी मात्र ठेवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात भरलेली बॅटरी उभ्या-उभ्या जुनी होते.

तोच सेल पूर्ण चार्जला सर्वांत वर आणि रिकामा होताना सर्वांत खाली असेल तर त्याची क्षमता घटली आहे. छोटे भांडे लवकर भरते आणि लवकर रिकामे होते. बॅलन्सिंगने ते मोठे होत नाही. बीएमएसने वरच्या टोकाला सगळे समान केले असेल तर वर फरक दिसणारच नाही, सगळा फरक खाली गोळा होईल. म्हणूनच तिसरे वाचन टाळू नका. फक्त पूर्ण चार्जचा स्क्रीनशॉट दाखवून जुनी गाडी विकणारा माणूस खोटे बोलत नसेलही, पण त्या चित्रावरून काहीच सिद्ध होत नाही.

उभ्या गाडीत बरोबरीने, घाट चढताना खाली आणि उतरताना वर, असा सेल दिसला तर रेझिस्टन्स वाढला आहे. उदाहरण घेऊ. बाकीच्या जोड्या ३.८८ वरून १२० अँपिअरला ३.८० वर येतात: ८० मिलिव्होल्ट भागिले १२०, म्हणजे ०.६७ मिलिओहम. संशयित जोडी ३.८८ वरून ३.७४ वर येते: १४० भागिले १२०, म्हणजे १.१७ मिलिओहम. जवळपास पावणेदोन पट, आणि तीन पायऱ्यांचा फरक, त्यामुळे हे खरे मानायला हरकत नाही. हीच जोडी ३.७८ वर आली असती तर फरक एकाच पायरीचा, आणि त्यावर काही बोलता येत नाही. अशा वेळी जास्त करंटवर किंवा पाच-सहा वेळा मोजूनच ठरवायचे. मॉड्यूलची, म्हणजे सेलांच्या एकेका गटाची, तापमानेही बघा. एक मॉड्यूल पाच अंशांनी थंड असेल तर त्यातल्या सेलांचा रेझिस्टन्स तसाही जास्त दिसतो.

रेझिस्टन्स सेलच्या आतच वाढला असेल असे नाही. सेल जोडणाऱ्या बसबारचा सांधा ढिला किंवा गंजलेला असला तरी हेच चित्र दिसते. ओळखण्याची खूण अशी: सांध्याचा दोष करंटबरोबर क्षणात येतो आणि क्षणात जातो. सेलच्या आतल्या दोषात पहिली घसरण झटकन होते, मग सेल आणखी हळूहळू बसत जातो आणि करंट थांबल्यावर सावरायला मिनिटे घेतो. नोंदीचा आलेख मोठा करून बघितला की हा फरक डोळ्यांना कळतो.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार शेजाऱ्यांचा. सेल ३६ चाळीस मिलिव्होल्ट वर आणि सेल ३७ बरोबर तेवढाच खाली, दोघांची बेरीज मात्र इतर कोणत्याही दोन सेलांएवढी. हे दिसले तर आधी सेलांना दोष देऊ नका. दोन शेजारी सेलांमधून व्होल्टेज मोजण्याची एक तार सामाईक असते. तिच्या जोडणीत गंज किंवा ढिलेपणा आला की एकाचे घेतलेले दुसऱ्याच्या खात्यावर दिसते. यात धोका असा की बीएमएस त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून चांगल्या सेलमधला चार्ज जाळू लागतो आणि काही महिन्यांत खरा असमतोल तयार करतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या जोडण्यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. डाँगल लावण्याच्या पोर्टच्या पिनाही हिरवट पडलेल्या असतील तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या.

पाचवे वाचन सर्वांनाच लागणार नाही, पण जुनी गाडी घेणाऱ्याने करावे. गाडी दहा-बारा दिवस न हलवता ठेवा. चवथीला मूळ घरी जाताना ती शहरातच राहत असेल तर आयतीच संधी. जाण्याआधी ६० टक्क्यांवर एक वाचन, आल्यावर न चालवता दुसरे. सगळे सेल थोडे-थोडे उतरले तर ठीक. एकच सेल इतरांपासून ४० मिलिव्होल्ट आणखी दूर गेला तर तो आतल्या आत चार्ज गमावतो आहे. वरच्या सगळ्या प्रकारांत हा एकच असा आहे जिथे थांबू नये: गाडी चार्जिंगला लावू नका, घराच्या गॅरेजमधून काढून मोकळ्यावर ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्राला कळवा. आतल्या सूक्ष्म शॉर्टचे हे लक्षण असू शकते. १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या ४५६ कोना भारतात बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झाल्याची नोंद चासी नंबरवरून आधी मागून घ्या, डाँगल नंतर.

दोन आकड्यांवर विसंबू नका. एक, एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत टक्क्यांत सांगणारा आकडा. कोनामध्ये तो वर्षानुवर्षे १०० वरच राहतो, हे जगभरच्या मालकांना माहीत आहे, तेव्हा १०० दिसले म्हणजे बॅटरी नवी असे नाही. त्यापेक्षा बीएमएसचा एकूण खर्ची पडलेल्या ऊर्जेचा मोजक बघा. ९० टक्क्यांवर आकडा टिपा, २० टक्क्यांवर पुन्हा टिपा. नव्या पॅकमधून या ७० टक्क्यांत २७ किलोवॅट-तासांच्या आसपास निघायला हवेत. उतारावर परत मिळालेली ऊर्जा वेगळ्या मोजकात असते, ती वजा करायला विसरू नका. दुसरा, ॲपमध्ये एका कोपऱ्यात झळकणारा ‘सेल फरक’. करंट किती आणि चार्ज किती हे शेजारी नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

हे सगळे एनएमसीबद्दल झाले. बीवायडी ॲटो ३ सारख्या एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीच्या गाडीला हे उंबरठे लावू नका. तिथे ३० ते ९० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळपास सपाट असते, मधल्या पट्ट्यात १० मिलिव्होल्टमागेही मोठा फरक लपतो, आणि तो अगदी वरच्या किंवा खालच्या टोकालाच उघडा पडतो. आपल्या मॉडेलचे प्रोफाइल ॲपमध्ये आहे की नाही हे डाँगल मागवण्याआधी तपासा. नसेल तर सेलांचे आकडे मिळणार नाहीत, मग डाँगल कितीही चांगला असो.

वापरातल्या तक्रारी थोड्या आहेत, पण आहेत. डाँगल पोर्टमध्ये कायमचा ठेवू नका. त्या पोर्टला १२ व्होल्टचा पुरवठा कायम चालू असतो. व्हीगेटला आपोआप झोपण्याची सोय आहे, तरी ॲप मागे चालू राहिले तर तो जागा राहतो. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि ४० अँपिअर-तासांची छोटी बॅटरी महिन्याभरात पार बसते. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि गाडी मात्र उघडतही नाही, अशी अवस्था त्यातून येते. ॲप मराठीत नाही, काही सेन्सरची नावे संदिग्ध आहेत, आणि ‘कोड पुसा’ हे बटण नको तितके हाताशी आहे. सेवा केंद्रात जाण्याआधी ते दाबू नका. कोडबरोबर त्या क्षणाची साठवलेली माहितीही जाते, आणि वॉरंटीच्या वादात तीच तुमच्या बाजूने बोलणारी असते.

वॉरंटी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर. २०१९ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते. सेवा केंद्र तुमच्या फोनवरच्या आकड्यांवर निर्णय घेणार नाही, त्यांच्या जीडीएस या निदान यंत्रावर स्वतः मोजेल, आणि ते योग्यच आहे. म्हणून तिथे जाताना ‘बॅटरी खराब आहे’ असे सांगू नका. सेल क्रमांक, चार्जची टक्केवारी, करंट, तापमान आणि तारीख असलेली चार वाचने कागदावर द्या, त्याच परिस्थितीत मोजायला सांगा आणि सगळ्या ९० सेलांची छापील प्रत मागा. पॅक उघडून एकेक सेल वेगळा चार्ज करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका: ३२७ व्होल्ट डीसी माणसाला मारू शकते, आणि सील तुटल्यावर वॉरंटी मागायला जागा राहत नाही.